‘चौपट’ म्हणजे नेमके किती?

(जांब समर्थ, जिल्हा जालना, येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



जांब समर्थ हे गाव महाराष्ट्राला समर्थ रामदासांचे जन्मस्थान म्हणून ठाऊक आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये मात्र ते निराळ्याच कारणाने राज्यभर गाजले. येथील राममंदिरातील पुरातन पंचधातूच्या मूर्ती चोरीला गेल्या आणि त्याच वर्षी पोलिसांनी आरोपींना अटक करून मूर्तींचा छडा लावला. गावाच्या दृष्टीने हा श्रद्धेवरील आघात होता. पोलीस ठाण्याच्या दृष्टीने तो एक गुन्हा क्रमांक होता. न्यायव्यवस्थेचा अभ्यास करणाऱ्या संशोधकाच्या दृष्टीने मात्र अशी प्रत्येक घटना ही हजारो ओळींच्या तक्त्यातील एक ओळ असते. गुन्हा कोणता, आरोपीचे वय काय, त्याची जात व धर्म कोणता, त्याच्यावर पूर्वीचे गुन्हे किती, त्याला वकील होता काय, असे रकाने त्या ओळीत ओळीने मांडलेले असतात. शेवटच्या रकान्यात एकच प्रश्न असतो: जामीन मिळाला काय? किंवा, शिक्षा झाली काय? त्याचे उत्तर केवळ होय किंवा नाही, म्हणजे एक किंवा शून्य.

अशा तक्त्यांतून निघालेले निष्कर्ष आज वर्तमानपत्रांत, न्यायालयांत आणि विधिमंडळांत उद्धृत होतात. ‘अमुक समाजाच्या आरोपीला शिक्षा होण्याची शक्यता चौपट’ असे वाक्य सभेत टाळ्या घेते. ‘अभ्यासात भेदभाव आढळला नाही’ असे वाक्य सत्ताधारी पक्षाच्या प्रवक्त्याला ढाल म्हणून उपयोगी पडते. ही दोन्ही वाक्ये बहुधा चुकीच्या वाचनातून जन्मलेली असतात. शोषितांच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या कार्यकर्त्याने पहिले वाक्य बेधडक वापरले, तर विरोधी वकील एका प्रश्नात त्याला निरुत्तर करील. दुसरे वाक्य त्याने निमूटपणे मान्य केले, तर ज्यांच्यासाठी तो झगडतो त्यांची बाजूच बुडेल. म्हणून हे गणित समजून घेणे हे त्याचे राजकीय कर्तव्यच आहे.

सरळ रेषा आणि वळणदार रेषा

अर्थशास्त्रात उत्पन्न वाढले की खर्च किती वाढतो हे पाहताना सरळ रेषेचे गणित पुष्कळदा पुरते. होय-नाहीच्या प्रश्नाला मात्र सरळ रेषा पुरत नाही. ती ताणत नेली तर कोणाला शिक्षा होण्याची संभाव्यता एकशेवीस टक्के, तर कोणाची शून्याच्याही खाली, असे हास्यास्पद उत्तर निघू शकते. म्हणून संख्याशास्त्रज्ञांनी ‘लॉजिस्टिक समाश्रयण’ ही पद्धत स्वीकारली. तिची रेषा वळणदार असते. शून्यापाशी ती जवळजवळ आडवी चालते, मध्यावर चढ घेते आणि शंभर टक्क्यांपाशी पुन्हा आडवी होते. हे मधले वळण ध्यानात ठेवावे. पुढच्या सगळ्या विवेचनाची किल्ली तेथे आहे.

या पद्धतीतून जो आकडा बाहेर पडतो तो संभाव्यतेचा नसतो. इंग्रजीत ज्याला ‘ऑड्स’ म्हणतात त्याच्या पटीचा तो असतो. ऑड्स म्हणजे एखादी गोष्ट घडण्याचे, ती न घडण्याशी असलेले प्रमाण. एक काल्पनिक तक्ता घेऊ. समजा, जामीनदार उभा करू शकणारे शंभर गावकरी आरोपी आहेत. त्यांपैकी ८० सुटले, २० आत राहिले. दुसरीकडे जामीनदार नसलेले शंभर भटके आरोपी आहेत. त्यांपैकी ५० सुटले, ५० आत राहिले. पहिल्या गटाचे सुटकेचे ऑड्स ८० भागिले २०, म्हणजे ४. दुसऱ्या गटाचे ५० भागिले ५०, म्हणजे १. दोहोंचे गुणोत्तर ४. संशोधनपत्रिकेत हाच ४ हा आकडा छापला जाईल.

मग सुटण्याची शक्यता चौपट झाली काय? मुळीच नाही. शंभरात ८० आणि शंभरात ५० यांची तुलना केली तर ती १.६ पट आहे. उलट बाजूने पाहिले, म्हणजे आत राहण्याची शक्यता मोजली, तर ती भटक्या आरोपींच्या बाबतीत २० ऐवजी ५०, म्हणजे अडीचपट आहे. आणि साध्या वजाबाकीने पाहिले तर शंभरामागे ३० माणसांचा फरक आहे. तक्ता एकच, अन्याय एकच. परंतु आकडे चार: ४, १.६, २.५ आणि ३०. यांपैकी एकही खोटा नाही. मात्र एकाचे नाव दुसऱ्याला देणे हे खोटे आहे. सभेत सांगण्यासारखा आकडा विचाराल तर तो शेवटचा. शंभरातील तीस माणसे केवळ जामीनदार नाही म्हणून कोठडीत राहिली, हे कोणत्याही श्रोत्याला समजते आणि कोणताही वकील ते खोडू शकत नाही.

ऑड्सची पट आणि शक्यतेची पट ही जवळजवळ सारखी केव्हा येते? जेव्हा घटनाच विरळ असते तेव्हा. शंभरात एक आणि शंभरात चार अशी तुलना असेल तर शक्यतेची पट ४ आणि ऑड्सची पट साधारण ४.१ येते. तेथे घोटाळा होत नाही. घटना जितकी सर्रास, तितका तो घोटाळा मोठा. जामीन, निर्दोष मुक्तता, साक्षीदार फितूर होणे या आपल्याकडील विरळ घटना नव्हेत; म्हणून आपल्याकडे सावधपण अधिक हवे.

अमेरिकेतील पत्रकारांच्या एका गटाने हे पथ्य कसे पाळले ते पाहण्याजोगे आहे. ‘प्रोपब्लिका’ या संस्थेने २०१६ मध्ये फ्लोरिडा राज्यातील ब्रॉवर्ड परगण्यात आरोपींना संगणकाने दिलेल्या ‘धोक्याच्या गुणां’चा अभ्यास केला. त्यांच्या गणितात कृष्णवर्णीय आरोपींसाठी ऑड्सची पट १.६१ येत होती. तोच आकडा छापला असता तर मथळा अधिक भडक झाला असता. त्यांनी मूळ पातळी, म्हणजे सुमारे अठरा टक्के, हिशेबात धरून शक्यतेची पट काढली आणि ती १.४५ म्हणून जाहीर केली. त्या अभ्यासावर पुढे अनेक अंगांनी वाद झाले. परंतु ऑड्सला शक्यता म्हटल्याचा आरोप त्यांच्यावर करण्याची सोय राहिली नाही.

जॉर्जियाचा खटला

या विषयातील सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील जॉर्जिया राज्याचे आहे. तेथे डेव्हिड बाल्डस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकातील दोन हजारांहून अधिक खून खटल्यांचा अभ्यास केला. मृत व्यक्ती गोरी असलेल्या खटल्यांपैकी ११ टक्क्यांत देहदंड झाला होता. मृत व्यक्ती कृष्णवर्णीय असलेल्या खटल्यांपैकी केवळ १ टक्क्यात. गुन्ह्याचे क्रौर्य, आरोपीचा पूर्वेतिहास इत्यादी ३९ बाबी हिशेबात घेतल्यानंतरही बळी गोरा असल्यास देहदंडाचे ऑड्स ४.३ पट राहत होते.

हा अभ्यास मॅक्क्लेस्की या कृष्णवर्णीय आरोपीच्या वतीने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. एप्रिल १९८७ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याचे अपील फेटाळले. बहुमताचा युक्तिवाद असा की, राज्यभराच्या आकडेवारीत विषमता दिसली तरी या विशिष्ट आरोपीच्या खटल्यात निर्णय करणाऱ्यांनी हेतुपुरस्सर भेदभाव केला हे त्यातून सिद्ध होत नाही. निकालपत्रात ४.३ हा आकडा ‘तितक्या पट शक्यता’ असाच लिहिला गेला. ऑड्स आणि शक्यता यांतील भेद देशाच्या सर्वोच्च न्यायासनापुढेही पुसला गेला. १९९१ मध्ये मॅक्क्लेस्कीला देहदंड देण्यात आला. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पॉवेल यांनी निवृत्तीनंतर आपल्या चरित्रकाराला सांगितले की, मत बदलता आले असते तर ते याच खटल्यात बदलले असते.

परंतु त्या अभ्यासातील खरा बोध या पटीपेक्षाही खोल आहे. ४.३ ही एकच पट वेगवेगळ्या पातळ्यांवर लावून पाहावी. ज्या खटल्यात मुळात देहदंडाची संभाव्यता १ टक्का आहे, तेथे ती सुमारे ४ टक्के होते. फरक शंभरात तिघांचा. जेथे ती ९० टक्के आहे, तेथे ती साडेसत्त्याण्णव टक्क्यांच्या आसपास जाते, फरक सात-आठांचा. आणि जेथे ती ५० टक्के आहे, तेथे ती ८१ टक्क्यांवर पोचते. फरक थेट एकतीस माणसांचा. वळणदार रेषेचा चढ मध्यावर असतो, तो असा. बाल्डस यांना प्रत्यक्ष खटल्यांतही हेच दिसले. अगदी किरकोळ खुनांत किंवा अगदी निर्घृण खुनांत वर्णाचा प्रभाव फारसा नव्हता. जेथे निर्णय दोन्हीकडे झुकू शकत होता त्या मधल्या खटल्यांत तो सर्वाधिक होता.

याचा अर्थ कार्यकर्त्याने नीट मनात ठसवावा. पूर्वग्रहाला सर्वांत अधिक वाव जेथे अधिकाऱ्याच्या किंवा न्यायाधीशाच्या स्वेच्छाधिकाराला वाव असतो तेथे मिळतो. फौजदार एफआयआर लिहून घेतो की नुसता अर्ज ठेवून घेतो, कोणती कलमे लावतो, तपासानंतर दोषारोपपत्र पाठवतो की ‘ब’ समरी मागतो, सरकारी वकील जामिनाला किती जोराने विरोध करतो, ही ती मधली ठिकाणे होत. सर्व प्रकारच्या खटल्यांची एकच सरासरी काढली की ही ठिकाणे सरासरीत बुडून जातात.

‘इतर सर्व समान असता’

प्रत्येक संशोधनपत्रात एक निरुपद्रवी दिसणारे वाक्य असते: इतर सर्व बाबी समान धरल्या असता जातीचा किंवा धर्माचा परिणाम इतका. येथे विचारायचे ते असे की, समान धरलेल्या बाबींत कोणकोणत्या बाबी आहेत, आणि त्या स्वतः कोठून आल्या?

‘पूर्वीचे गुन्हे’ हा रकाना घ्यावा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या कित्येक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. स्वतंत्र भारतात तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, जमाती ‘विमुक्त’ झाल्या; परंतु पाठोपाठ सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले, मुंबई राज्यात १९५९ मध्ये. पोलीस ठाण्यातील जुनी वही नव्या नावाने चालू राहिली. गावात चोरी झाली की पालावर धाड पडते, संशयावरून चार जण उचलले जातात, नोंद होते. पुढल्या चोरीच्या वेळी तीच नोंद ‘पूर्वेतिहास’ म्हणून न्यायालयापुढे येते. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला हे बजावावे लागले की, मागास व वंचित समाजांतील निरपराध माणसांची नावे हिस्ट्रीशीटमध्ये यांत्रिकपणे चढवली जाऊ नयेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर तुरुंगातील जातीनिहाय कामवाटप रद्द करताना, विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये अशी दक्षता पोलिसांनी घ्यावी, असेही न्यायालयाने सांगितले.

आता संशोधक म्हणतो, ‘पूर्वीचे गुन्हे समान धरले तर पारधी आणि अन्य आरोपी यांच्या जामिनात फरक दिसत नाही.’ गणित बरोबर असेल. परंतु त्याने अन्यायाचा परिणाम आधीच बाजूला काढून ठेवला आणि मग अन्याय दिसत नाही म्हणून सांगितले. ज्या पायरीवर भेद झाला तीच पायरी समान धरली, तर वरच्या पायरीवर सारे सपाटच दिसणार. न्यायव्यवस्था ही लांब साखळी आहे. अभ्यास त्या साखळीतील कोणत्या कडीचा आहे हे सांगितल्याविना ‘भेदभाव आहे’ किंवा ‘नाही’ या विधानाला अर्थ नाही.

हा केवळ पांडित्याचा प्रश्न नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, मृत्युदंड वा जन्मठेपेची तरतूद नसलेल्या गुन्ह्यांत, पूर्वी कधी शिक्षा न झालेला कच्चा कैदी कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सुटकेस पात्र ठरतो. त्याच कलमात, ज्याच्यावर एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित आहेत त्याला ही सवलत नाकारलेली आहे. २०२२ अखेर देशातील तुरुंगांत असलेल्या सुमारे ५ लाख ७३ हजार बंद्यांपैकी ४ लाख ३४ हजार, म्हणजे दर चारांतील तीन, कच्चे कैदी होते. ज्या पालावर वारंवार धाडी पडतात त्या पालावरच्या माणसाला ‘एकच प्रकरण’ हे भाग्य कोठून लाभणार? २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने पोलिसांच्या कामी कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्यासाठी ‘मार्व्हल’ ही कंपनी स्थापन केली. अशा यंत्रांना उद्या जुन्या वह्यांतील नोंदी पुरवल्या गेल्या, तर १८७१ चा संशय संगणकाच्या मुखातून निःपक्षपाती म्हणून बोलू लागेल. म्हणून त्या यंत्रांना कोणती माहिती पुरवली जाते, हे विचारण्याचा हक्क आताच बजावला पाहिजे.

तक्त्यातील ‘एक’ किती खरा?

शेवटच्या रकान्यातील ‘शिक्षा झाली’ हा एकाचा आकडाही डोळे मिटून मानण्याजोगा नसतो. नाशिक जिल्ह्यात २००३ मध्ये दरोडा, बलात्कार आणि खुनाची भीषण घटना घडली. भटक्या जमातीच्या सहा गरीब मजुरांवर खटला चालला. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी ठरवली. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची निर्दोष मुक्तता करून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य शासनाला दिला. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांकडील छायाचित्रांतून आधी दुसऱ्याच चौघांना ओळखले होते, त्या दिशेने तपासच झाला नव्हता, हे त्या निकालात स्पष्ट झाले.

२०१० मध्ये कोणी संशोधकाने तक्ता मांडला असता तर या सहा ओळींत ‘दोषी: एक’, ‘गुन्हा: अत्यंत गंभीर’ असेच लिहिले असते आणि भटक्या जमातींतील गुन्हेगारीचा पुरावा म्हणून ते मोजले गेले असते. तक्ता सत्य सांगत नाही. व्यवस्थेने त्या दिवसापर्यंत काय ठरवले एवढेच तो सांगतो.

‘आढळले नाही’ याचा अर्थ

आता दुसऱ्या बाजूच्या वाक्याकडे वळू. भारतातील जिल्हा व दुय्यम न्यायालयांच्या, ई-कोर्ट्स व्यवस्थेवर उपलब्ध असलेल्या, २०१० ते २०१८ या काळातील सुमारे आठ कोटी खटल्यांच्या नोंदी काही अर्थशास्त्रज्ञांनी गोळा केल्या. त्यांतील लक्षावधी फौजदारी खटले तपासून त्यांनी विचारले की, न्यायाधीश आणि आरोपी एकाच धर्माचे किंवा एकाच लिंगाचे असले तर आरोपीला सवलत मिळते काय? सरासरीने पाहता तसे आढळले नाही. खटला कोणत्या न्यायाधीशापुढे जावा हे आरोपीच्या हाती नसते, याचा त्यांनी चतुराईने उपयोग केला. कष्टाने केलेला हा अभ्यास आहे आणि त्याचा निष्कर्ष प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे.

परंतु तो निष्कर्ष कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे? हिंदू न्यायाधीश आणि मुस्लीम न्यायाधीश मुस्लीम आरोपींशी निराळे वागतात काय, या प्रश्नाचे. दोघेही सारखेच कठोर असतील तर या मापाने उत्तर शून्यच येणार. अटक कोणाला झाली, कोणाची फिर्याद नोंदलीच गेली नाही, हे तर न्यायाधीशापुढे खटला येण्याच्या आधीचे. ही मर्यादा त्या संशोधकांनी स्वतः नमूद केली आहे. ‘भारतीय न्यायव्यवस्थेत भेदभाव नाही’ असे त्यांनी म्हटलेले नाही; तसे म्हणणारे त्यांचे वाचक आहेत.

तसेच ‘संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नाही’ या शब्दांचे. एका तालुक्यातील साठ-सत्तर खटल्यांचा तक्ता घेतला तर मोठा अन्यायही ‘लक्षणीय’ ठरणार नाही, कारण ओळीच थोड्या. उलट पन्नास लाख खटल्यांत नगण्य फरकही ‘लक्षणीय’ ठरतो. म्हणून फरक लक्षणीय आहे काय, याच्या जोडीने तो किती मोठा आहे आणि अंदाजाची खालची-वरची मर्यादा कोठवर जाते, हे विचारावे. पुरावा न सापडणे म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नव्हे.

कार्यकर्त्याचे काम

मग करावे काय? असा कोणताही आकडा हाती आला की चार प्रश्न विचारावेत. ही पट ऑड्सची आहे की शक्यतेची? मुळात शंभरात किती, आणि फरक किती माणसांचा? कोणत्या बाबी समान धरल्या, आणि त्या पक्षपाताच्या आधीच्या आहेत की त्याच्याच पोटी जन्मलेल्या? आणि तक्त्यात जे आलेच नाहीत ते कोण?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर विद्यापीठात बसून मिळत नाही. तेथे घनसावंगी, अंबड, भोकरदनच्या कार्यकर्त्याचे काम सुरू होते. शिक्षेचे प्रमाण सरकारी अहवालात निकाली निघालेल्या खटल्यांवर काढले जाते. नोंद न झालेली फिर्याद त्यात कोठेच नसते. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली फिर्याद द्यायला गेलेला दलित मजूर दोनदा परत पाठवला गेला आणि तिसऱ्या वेळी गावात तडजोड झाली, ही ओळ कोणत्याही संगणकात नाही. ती कार्यकर्त्याच्या वहीत असली पाहिजे: तारीख, ठाणे, काय सांगितले गेले, अर्जाची पोच मिळाली काय, पुढे कलमे कोणती लागली, जामिनाला किती दिवस गेले, साक्षीदार कधी फुटले. आपल्याला सोयीची तेवढीच प्रकरणे न टिपता, जी जिंकली आणि जी आपल्या विरुद्ध गेली तीही टिपावीत; अन्यथा ती वही म्हणजे प्रचारपत्रक होईल. माहिती अधिकाराने ठाण्याच्या नोंदी मागवाव्यात आणि आपल्या वहीशी ताडून पाहाव्यात.

जॉर्जियात दोन हजार खटल्यांच्या फायली एकेक करून वाचल्या गेल्या, तेव्हा अन्याय कोठे दडतो ते दिसले. न्यायालयाने त्या आरोपीला वाचवले नाही; परंतु त्या आकड्यांशी झगडल्यावाचून देहदंडाची चर्चा आजही पुढे जात नाही. आपल्याकडे ते काम अद्याप व्हावयाचे आहे. एका तालुक्यातील पाच वर्षांची खरी, सलग आणि सर्व बाजूंची नोंद झाली, तरी ‘चौपट अन्याय’ या घोषणेपेक्षा तिचे वजन अधिक असेल. कारण मग आकडा आपल्या बाजूने बोलेल तेव्हा त्याला कोणी खोटे पाडू शकणार नाही.